परप्रांतांतील दंड कोणाच्या खातीं पडावा?

आपल्याकडील शेतमाल आतां आपल्या जिल्ह्यांत संपत नाहीं. कोल्हापूरचा गूळ गुजराथेंत खपतो, नंदुरबारची मिरची सुरतेकडे जाते, सांगोल्याचीं डाळिंबें व नाशिकचा कांदा तर देशाच्या चारी दिशांस रवाना होतात. मालाबरोबर आपली गाडीहि जाते; आणि गाडीनें राज्याची हद्द ओलांडली कीं तेथील सरकारचा व तेथील पोलिसांचा अंमल तिच्यावर चालूं लागतो. पुढें कांहीं आठवड्यांनीं, केव्हां तर कांहीं महिन्यांनींहि, मालकाच्या मोबाइलवर परक्या भाषेंत एक निरोप येतो कीं, अमुक तारखेस अमुक सडकेवर आपल्या गाडीनें वेगाची मर्यादा ओलांडली. सबब इतका दंड भरावा. यासच हल्लीं ई-चलान म्हणतात.

अशा चलानाकडे पाहण्याच्या आपल्या लोकांच्या दोन तऱ्हा आहेत. कोणी म्हणतो, "परमुलखांतला दंड, तेथून येथें वसूल करावयास कोण येतो?" आणि तो निरोप पुसून टाकतो. कोणी कचेरीच्या धास्तीनें मुकाट्यानें पैसे भरतो. आपली गाडी त्या दिवशीं त्या गांवीं होती कीं नव्हती, आणि असल्यास ती कोण हांकीत होता, याचा तपासहि करीत नाहीं. प्रस्तुत लेखकाच्या मतें या दोन्ही तऱ्हा शेतकऱ्याच्या हिताच्या नाहींत. दंडाची रक्कम हा या प्रश्नाचा लहान भाग आहे. तो दंड कोणाच्या नांवावर चढतो, त्यामुळें परवान्यावर काय परिणाम होतो, आणि पुढें विम्याचा हप्ता व विम्याचें संरक्षण यांवर काय परिणाम होतो, हा मोठा भाग आहे. आणि त्याकडेच आपलें दुर्लक्ष आहे.

ज्यानें आपली नोकरी महसुलाच्या दप्तरांत घालविली त्यास एक गोष्ट पुरती ठाऊक असते. रक्कम भरली कीं विषय संपला असें होत नाहीं. ती कोणाच्या खातीं जमा झाली व कोणाच्या नांवें पडली यावर पुढील सर्व हक्क व बोजे अवलंबून असतात. मोटारीच्या बाबतींतहि तीन निरनिराळीं खातीं आहेत. पहिलें दंडाचें, दुसरें चालकाच्या परवान्याचें, तिसरें विम्याचें. हीं तीन खातीं एकमेकांशीं जोडावीं किंवा नाहीं, आणि जोडावयाचीं तर कोणाच्या नांवें जोडावीं, हाच आज विचार करण्याजोगा मुद्दा आहे.

हीं खातीं जोडण्याचा मोठा व पुष्कळ वर्षांचा प्रयोग अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झालेला आहे. म्हणून आधीं तो पाहूं. आपल्याकडील कित्येक शेतकऱ्यांचीं मुलें आज तेथें नोकरीस आहेत व तेथील सडकांवर गाड्या चालवीत आहेत, तेव्हां हा विषय अगदींच परका नाहीं. त्या देशांत वाहन चालविण्याचा परवाना मध्यवर्ती सरकार देत नाहीं. ५० राज्यें आपापला परवाना देतात. त्यामुळें एका राज्याचा रहिवासी दुसऱ्या राज्यांत बेफाम गाडी हांकतांना पकडला गेला, तर तेथील दंडाची बातमी त्याच्या घरच्या दप्तरापर्यंत पोंचावी कशी, हा प्रश्न होता. तो सोडविण्यासाठीं १९६० नंतरच्या काळांत राज्यांनीं आपसांत एक करार केला. त्याचें सूत्र असें कीं, एका चालकाचा परवाना एक आणि त्याची नोंदहि एकच. परराज्यांत गुन्हा शाबीत झाला कीं त्याची खबर चालकाच्या घरच्या राज्यास कळविली जाते, आणि घरचें राज्य तो गुन्हा जणूं आपल्याच हद्दींत घडला असें समजून आपल्या कायद्याप्रमाणें त्याची दखल घेतें. जॉर्जिया, मिशिगन, विस्कॉन्सिन अशीं थोडीं राज्यें या करारांत नाहींत. बाकीचीं बहुतेक आहेत. १९७७ सालीं दुसरा एक करार झाला. परराज्यांतील दंडाच्या कागदास जो उत्तरच देत नाहीं, त्याचा परवाना त्या करारान्वयें घरचें राज्य तहकूब करतें, व त्या कागदाचा निकाल लागेपर्यंत तसाच ठेवतें. शिवाय ज्यांचे परवाने रद्द अगर तहकूब झालेले आहेत अशा चालकांची एक राष्ट्रीय सूचि १९६० च्या कायद्यानें सुरू झालेली आहे.

मात्र घरचें राज्य काय दखल घेतें हें सर्वत्र सारखें नाहीं. न्यू जर्सीचा रहिवासी शेजारच्या पेनसिल्व्हेनियांत वेगाबद्दल दोषी ठरला, तर न्यू जर्सीच्या दप्तरीं त्याच्या नांवावर २ दोषांक चढतात; यांस तिकडे ‘पॉइंट’ म्हणतात. तीन वर्षांत असे ६ दोषांक झाले म्हणजे सरकार १५० डॉलर, व सहांच्या वरील प्रत्येक अंकास २५ डॉलर, असा जादा आकार घेतें. न्यूयॉर्क राज्याची रीति याच्या उलट आहे. तें इतर राज्यांतील वाहतुकीच्या साध्या गुन्ह्यांबद्दल दोषांक चढवीत नाहीं. चढवितें तें फक्त शेजारच्या कॅनडा देशांतील ऑन्टेरियो व क्वेबेक या दोन प्रांतांतील गुन्ह्यांबद्दल.

विम्याचें खातें आणखी निराळें. विमा कंपनी हप्ता ठरवितांना किंवा विमा पुढें चालू करतांना चालकाची नोंद राज्याच्या दप्तरांतून मागवून पाहते. कॅलिफोर्नियांत १९८८ सालीं मतदारांनीं मंजूर केलेल्या कायद्याप्रमाणें मोटारीच्या विम्याचा हप्ता ठरविण्यांत पहिला विचार चालकाच्या नोंदीचा, दुसरा वर्षांतून तोडलेल्या मजलीचा, व तिसरा चालविण्याच्या अनुभवाचा करावा लागतो; आणि ज्याची नोंद चांगली त्यास २० टक्के सूट द्यावी लागते. नॉर्थ कॅरोलायनांत तर परवान्याचे दोषांक व विम्याचे दोषांक हीं दोन स्वतंत्र कोष्टकें आहेत. गाडी भलत्या जागीं उभी केल्याबद्दलचा दंड मात्र सहसा परवान्याच्या नोंदींत जात नाहीं, कारण त्यांत चालविण्याचा दोष नसतो.

या सर्व व्यवस्थेंत वाचकांनीं एक क्रम ध्यानांत घ्यावा. पोलिसानें गाडी थांबविली, चालकाचा परवाना पाहिला, त्याचें नांव लिहून घेतलें. त्यास न्यायासनापुढें हरकत घेण्याची संधि मिळाली. नंतर दोष शाबीत झाला, मग नोंद झाली, आणि नोंदीवरून हप्ता वाढला. जेथें पोलीस गाडी थांबवीत नाहीं, तेथें काय? चौकांतील कॅमेऱ्यानें लाल दिवा ओलांडणाऱ्या गाडीचें चित्र घेतलें तर त्यांत गाडीचा नंबर दिसतो. माणूस कोण तें दिसेलच असें नाहीं. न्यूयॉर्क राज्याच्या कायद्यानें याचा स्पष्ट उलगडा केलेला आहे. असा दंड मालकाकडून घ्यावा, परंतु तो मालक चालक या नात्यानें दोषी ठरला असें समजूं नये, त्याच्या परवान्याच्या नोंदींत तो दंड घालूं नये, आणि विम्याच्या कामीं त्याचा उपयोग करूं नये. उलट, कॅलिफोर्नियांत कॅमेऱ्यावरून परवान्यावर दोषांक चढविण्याची जी पद्धति आहे तिच्यांत चित्रामध्यें चालकाचा चेहराहि यावा लागतो. दोन्ही राज्यांच्या रीति वेगळ्या असल्या तरी मूळ विचार एकच आहे. चालक कोण हें ठरल्याखेरीज चालविण्याचा दोष कोणाच्याहि परवान्यावर चढवावयाचा नाहीं.

आतां आपल्या देशाकडे वळूं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें चालकाचा परवाना सबंध भारतांत चालतो. २०१९ सालच्या दुरुस्तीनें परवान्यांची व वाहनांची राष्ट्रीय नोंदवही ठेवण्याची तरतूद केली. ‘सारथी’ या दप्तरांत परवाने व ‘वाहन’ या दप्तरांत गाड्या यांची संगणकीय नोंद आज होत आहे. अमेरिकेंतील राज्यांस जें करार करकरून साधावें लागलें तें आपल्याकडे कायद्यानें आधींच साधलें आहे. तेव्हां परराज्यांतील चलान हद्दीपलीकडेच राहतें ही समजूत सोडून द्यावी. तें गाडीच्या नंबरावर चढलेलें असतें. आणि गाडी विकतांना किंवा कचेरींत तिचें दुसरें कांहीं काम निघालें असतां तें पुढें उभें राहूं शकतें.

दंडाचे आंकडेहि लहान नाहींत. २०१९ च्या १ सप्टेंबरपासून अमलांत आलेल्या दुरुस्तीप्रमाणें वेगाबद्दल हलक्या वाहनास १,००० ते २,००० रुपये, व मध्यम अगर जड वाहनास २,००० ते ४,००० रुपये दंड आहे. मर्यादेपेक्षां अधिक माल भरल्यास २०,००० रुपये, आणि जादा भरलेल्या प्रत्येक टनास आणखी २,००० रुपये. तडजोडीनें दंड भरून घेण्याचे दर राज्य सरकारें ठरवितात, त्यामुळें एकाच गुन्ह्यास हद्दीच्या अलीकडे एक दर व पलीकडे दुसरा असें घडतें. गुजराथनें २०१९ च्या सप्टेंबरांतच कांहीं दंड उतरविले. महाराष्ट्रानें नवे दर २०२१ च्या डिसेंबरांत लागू केले. तेलंगणानें २०२२ सालीं व कर्नाटकानें २०२३ च्या फेब्रुवारींत थकलेल्या चलानांवर मोठ्या सुटी जाहीर केल्या. कर्नाटकाची सूट निम्म्या रकमेची होती. अशा सुटी देणें लोकांस गोड लागतें खरें. परंतु वसुलीचें काम ज्यानें पाहिलें आहे तो सांगेल कीं, वेळेवर भरणाऱ्यास पुरी रक्कम व थकविणाऱ्यास निम्मी, असा पायंडा पडला कीं पुढील वर्षीं वेळेवर भरणारे कमी होतात, आणि प्रामाणिक मनुष्य मूर्ख ठरतो.

परंतु याहून मोठें वैगुण्य दुसरें आहे. यंत्रानें टिपलेला दंड चालकाच्या परवान्यावर न जातां गाडीच्या नंबरावर जातो, आणि नंबर मालकाच्या नांवावर असतो. शेतकरी मालक आपल्या शेतांत बागेस पाणी देत असतो. त्याचा टेम्पो नोकर चालकाच्या हातीं दोनशें कोसांवर असतो. सिग्नल मोडला चालकानें, चलान आलें मालकास. मागणी झाल्यास मालकानें चालकाचें नांव, पत्ता व परवान्याची माहिती दिली पाहिजे, असें कायद्याचें कलम १३३ सांगतें. पण व्यवहारांत बहुधा असें होतें कीं, मालक पैसे भरतो, प्रकरण मिटतें, आणि गाडी कोण चालवीत होता हें कोणी विचारीतहि नाहीं. परिणाम असा होतो कीं, बेदरकार चालकाचा परवाना कोराच राहतो. तो एका मालकाचें काम सोडून दुसऱ्याच्या दारीं जातो, आणि आपल्या मागें दंडांची माळ पहिल्या मालकाच्या नंबरावर ठेवून जातो. दुसऱ्या मालकास त्याच्या पूर्ववृत्ताची कल्पनाहि नसते.

अशा स्थितींत विम्याचा हप्ता या दंडांशीं जोडण्याची सूचना पुढें आलेली आहे. सध्यां आपल्याकडे तिऱ्हाइताच्या नुकसानीचा जो सक्तीचा विमा आहे त्याचे दर केंद्र सरकार विमा नियामक प्राधिकरणाच्या सल्ल्यानें ठरवितें. ते गाडीच्या जातीवर व शक्तीवर ठरतात, चलानांवर नाहीं. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यांत, भरपाई न मागितलेल्या वर्षांबद्दल २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळते. तीहि भरपाईच्या मागणीवर अवलंबून असते, दंडांवर नाहीं. परंतु २०२१ च्या जानेवारींत विमा नियामक प्राधिकरणाच्या एका कार्यगटाचा मसुदा प्रसिद्ध झाला. वाहतुकीचे नियम मोडल्याबद्दल विम्याचा एक स्वतंत्र जादा हप्ता असावा, दारू पिऊन गाडी चालविण्यास १०० दोषांक तर भलत्या जागीं गाडी उभी करण्यास १० अशी प्रतवारी असावी, प्रथम दिल्लीच्या परिसरांत हा प्रयोग करावा, आणि हा जादा हप्ता गाडीच्या नोंदलेल्या मालकानें भरावा, असा त्याचा आशय होता. ही योजना सर्व देशभर लागू झालेली नाहीं. तथापि अशा सूचना एकदां निघाल्या म्हणजे त्या कधीं ना कधीं परत येतात. म्हणून आपलें मत आतांच ठरवून ठेवणें शहाणपणाचें आहे.

या योजनेच्या बाजूनें जें म्हटलें जातें तें अगदींच पोकळ नाहीं. मालकाच्या खिशास चाट बसली कीं तो चालक पारखून घेईल, त्यास अवघड वेळापत्रक देणार नाहीं, आणि सडकेवरील अपघात कमी होतील, असें तिचे पुरस्कर्ते म्हणतात. यांत तथ्य आहे, आणि तें शेतकऱ्यांनींहि मोकळ्या मनानें मान्य करावें. बाजार गांठण्याच्या घाईनें "पहाटेपूर्वीं पोंचलाच पाहिजे" असें चालकास बजावणारा मालकच असतो. गाडींत दीडपट माल भरावयास लावणारा मालकच असतो. तोडणीच्या हंगामांत मालवाहू टेम्पोंत माणसें कोंबणाराहि बहुधा मालकच असतो. म्हणून जे गुन्हे मालकाच्या हातचे आहेत, म्हणजे जादा माल, विम्यावांचून गाडी, योग्यतेच्या दाखल्यावांचून गाडी, त्यांची नोंद मालकाच्या नांवें व्हावी व त्यावरून त्याचा हप्ता वाढवावा, यास आमची हरकत नाहीं. परंतु वेग, लाल दिवा, चालवितांना मोबाइलवर बोलणें, हे गुन्हे ज्याच्या हातीं चाक असतें त्याचे आहेत. त्यांचा बोजा त्याच्याच परवान्यावर पडला पाहिजे. दोन्ही प्रकार एका नंबराखालीं दडपून मालकाचा विमा महाग करणें म्हणजे कुळाच्या थकबाकीसाठीं शेजाऱ्याच्या सातबाऱ्यावर बोजा चढविण्यासारखें आहे.

आणि बोजा चढवावयाचा तर त्याचीहि एक रीत असते. सातबाऱ्यावर नोंद घ्यावयाची झाली तर तलाठी फेरफार लिहितो, त्याची प्रत चावडींत लावतो, हितसंबंधितांस नोटीस देतो, हरकतीस मुदत असते, तंटा निघाल्यास त्याची वेगळी नोंदवही असते, आणि वरच्या अधिकाऱ्यानें प्रमाणित केल्याखेरीज ती नोंद पक्की होत नाहीं. जमिनीस जर इतकी काळजी, तर मनुष्याच्या परवान्यास व त्याच्या विम्यास याहून कमी कां असावी? केंद्र सरकारनें २०२१ च्या ऑगस्टांत केलेल्या नियमांत ही दृष्टि दिसते. यंत्रानें टिपलेल्या गुन्ह्याची सूचना १५ दिवसांच्या आंत पाठवावी, तिच्यांत चित्र, यंत्राचें मोजमाप, तारीख, वेळ व ठिकाण असावें, यंत्रास दर वर्षीं तपासणीचा दाखला घ्यावा, आणि सडकेवर सावधगिरीची पाटी लावावी, असें त्या नियमांत सांगितलें होतें. नियम चांगला होता. पण महिनोन् महिने उशिरानें येणारीं चलानें पाहिलीं म्हणजे त्याचें पालन सर्वत्र झालें असें म्हणवत नाहीं.

कोणी म्हणेल, एवढ्या हजार-दोन हजारांच्या दंडासाठीं हा काथ्याकूट कशाला? त्याचें उत्तर विम्याच्या हप्त्यांत नसून विम्याच्या संरक्षणांत आहे. वेग, लाल दिवा, जादा माल, मालवाहू गाडींत माणसें बसविणें, दारू व मोबाइल या कारणांवरून चालकाचा परवाना किमान तीन महिने तहकूब करावा, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ते-सुरक्षा समितीनें २०१५ सालीं सर्व राज्यांस दिला. समजा, आपल्या नोकर चालकाचा परवाना असा तहकूब झालेला आहे. त्यानें तें लपविलें, मालकानें विचारलें नाहीं, आणि त्याच्या हातून रस्त्यांत मनुष्य दगावला. सर्वोच्च न्यायालयानें २००४ सालच्या स्वर्णसिंग प्रकरणांत जो दंडक घालून दिला आहे त्याचा सारांश असा कीं, केवळ परवाना वैध नव्हता एवढ्यावरून विमा कंपनीची सुटका होत नाहीं. परवान्याची योग्य ती खातरजमा करण्यांत मालकानें हयगय केली, हें कंपनीनें शाबीत केलें पाहिजे. हयगय शाबीत झाली तर अपघातग्रस्तास भरपाई मिळते, परंतु ती रक्कम कंपनी मालकाकडून परत मागूं शकते. अशा भरपाईच्या रकमा लाखांनीं मोजाव्या लागतात. आणि कलम १७४ प्रमाणें न्यायाधिकरणानें दाखला दिला म्हणजे जिल्हाधिकारी निवाड्याची रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणें वसूल करतो. महसुलाच्या थकबाकीची वसुली शेवटीं कोठवर जाते हें ज्यानें कचेरींत अशा नोटिसा लिहिल्या आहेत त्यास सांगावें लागत नाहीं. ती जमिनीपर्यंत जाते. परमुलखांतील एका चौकांत दुर्लक्षिलेल्या लाल दिव्याचा आणि आपल्या विहिरीखालच्या बागाइताचा संबंध असा आहे.

म्हणून सरकारकडे आपल्या मागण्या चार असाव्यात. पहिली, यंत्रानें टिपलेल्या दंडाची सूचना मुदतींत व मालकाच्या मातृभाषेंत यावी. दुसरी, त्या सूचनेबरोबरच चालकाचें नांव व परवाना क्रमांक कळविण्याचा रकाना असावा. मालकानें तो भरला, व चालकाचें म्हणणें ऐकून घेतल्यावर दोष ठरला, म्हणजे नोंद चालकाच्या परवान्यावर जावी. तिसरी, परराज्यांतील चलानावर हरकत घ्यावयाची असेल तर ती आपल्या तालुक्याच्या ठिकाणीं बसून दूरदृश्य यंत्रणेनें मांडतां यावी; दोन हजारांच्या दंडासाठीं दोन दिवस मोडून परप्रांतीं जाणें शेतकऱ्यास परवडत नाहीं, आणि न परवडणारा न्याय हा नसल्यासारखाच. चौथी, चालक निश्चित झाल्याखेरीज व दोष कायम ठरल्याखेरीज कोणत्याहि चलानाचा उपयोग विम्याचा हप्ता वाढविण्याकडे करूं नये. या चारही गोष्टी झाल्यावर दंड, परवाना व विमा हीं तीन खातीं खुशाल जोडावीं. मग सावध चालकास काम मिळेल, सावध मालकास स्वस्त विमा मिळेल, आणि बेदरकारपणा ज्याचा त्यास भोंवेल.

परंतु सरकारानें करावें तें करीपर्यंत आपण स्वस्थ बसावें असें नाहीं. मालकानें आपला चालू मोबाइल क्रमांक व पत्ता गाडीच्या नोंदणींत घालून ठेवावा, म्हणजे चलान दुसऱ्याच्या हातीं पडणार नाहीं. महिन्यांतून एकदां आपल्या नंबरावर चलान आहे कीं काय, हें सरकारी संकेतस्थळावर पाहावें. घरांतील शिकलेलें मूल हें काम सहज करील. चालक ठेवतांना त्याचा परवाना केवळ डोळ्यांनीं न पाहतां त्याची सरकारी नोंद तपासावी, आणि हंगामाच्या आरंभीं ती पुनः तपासावी. गाडी बाहेर जाईल तेव्हां तारीख, ठिकाण, चालकाचें नांव, परवाना क्रमांक व सही एका वहींत घ्यावी. ही दोन रुपयांची ओळ उद्यां चलानाच्या वेळीं चालक कोण हें सांगेल, आणि अपघाताच्या प्रसंगीं मालकानें हयगय केली नाहीं याचा पुरावा होईल.

गाडी विकल्यास नुसत्या स्टँपकागदावर भिस्त ठेवूं नये. विकणाऱ्यानें राज्यांतल्या राज्यांत १४ दिवसांत, व परराज्यांत विकल्यास ४५ दिवसांत नोंदणी अधिकाऱ्यास कळवावयाचें असतें; घेणाऱ्यासहि आपलें नांव चढविण्यास मुदत असते. दप्तरीं ज्याचें नांव तोच मालक, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं एका अपघाताच्या प्रकरणांत स्पष्ट केलें आहे. फेरफार न होतां विकलेल्या जमिनीचें जें होतें तेंच अशा गाडीचेंहि होतें; माल गेलेला असतो आणि जबाबदारी घरीं राहिलेली असते.

आलेलें चलान खरें असेल तर सुटीची वाट न पाहतां तें भरून टाकावें, आणि चालकास तें दाखवावें. त्याच्या पगारांतून कापावें कीं नाहीं हें ज्याचें त्यानें ठरवावें, पण त्याच्यापासून तें लपवूं नये. खोटें असेल, नंबर चुकीचा वाचलेला असेल, अगर गाडी त्या दिवशीं आपल्याच अंगणांत उभी असेल, तर मात्र भीड न धरतां लेखी हरकत घ्यावी व तिची पोंच जपून ठेवावी. आपल्या मंडळानेंहि या कामीं पुढाकार घ्यावा, अशी सूचना आहे. वरील मागण्यांचा ठराव पुढील सर्वसाधारण सभेंत यावा, आणि सभासदांच्या उपयोगासाठीं चालक-वहीचा एक नमुना छापून या मासिकाबरोबर वांटावा. ज्यांचा माल दर हंगामांत हद्द ओलांडतो, त्यांच्या घरीं पिकाच्या हिशेबाच्या वहीशेजारीं ही दुसरी वहीहि असली पाहिजे.